उपचार मोफत, वाट मात्र विकत

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून औषधांपर्यंत सगळं मोफत झालं. निर्णय चांगला आहे. पण दवाखान्याच्या दारापर्यंत पोचायला जे पैसे आणि जो दिवस लागतो, ते त्यात धरलेले नाहीत. अपघात झाला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तर गाडी येते. जो आजार महिनोन्‌महिने चालतो, ज्यासाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं, त्याला गाडी येत नाही. आणि रोगी दीड-दोन वर्षांचं मूल असेल, तर त्याला आपलं दुखणं सांगताही येत नाही. लहान मुलांचा इसब हा असा आजार आहे. त्याच्या औषधाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मला त्याच्या वाटेबद्दल बोलायचं आहे.

१. आजार साधा, पण एका भेटीत न संपणारा

लहानपणीचा इसब, ज्याला डॉक्टर अटोपिक डर्मटायटिस म्हणतात, बहुतेक मुलांत पाच वर्षांच्या आत सुरू होतो, आणि त्यातही बऱ्याच जणांत पहिल्याच वर्षी. तान्ह्या बाळाचे गाल लालसर-खरखरीत होतात, मग मूल मोठं होईल तसा तो कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत जाऊन बसतो. कातडीचं संरक्षण मुळातच कच्चं असतं. आतली ओल टिकत नाही, बाहेरचं काहीही लगेच झोंबतं. खाज रात्री वाढते. मूल खाजवतं, कातडी फुटते, फुटलेल्या जागी जंतू शिरतात, पाणी सुटतं, चिघळतं. मूल झोपत नाही म्हणून आई झोपत नाही, आणि सकाळी तिला कामावर जायचं असतं.

हा आजार चिकटत नाही. त्याच्या उपचाराला यंत्रं लागत नाहीत, ऑपरेशन लागत नाही. थोड्या वेळाची आंघोळ, अंग ओलसर असतानाच भरपूर ओलावा धरणारं मलम, आजार उसळला की योग्य ताकदीचं स्टेरॉइड मलम ठरावीक दिवस, आणि जंतूंची बाधा झाली तर तिचं औषध. बहुतेक मुलांना एवढ्यानं आराम पडतो. पण हे कुणीतरी शिकवावं लागतं, दोन-तीन आठवड्यांनी कातडी पुन्हा बघावी लागते, मलमाची ताकद कमी-जास्त करावी लागते. थंडीत एक तऱ्हा, उन्हाळ्यात घामानं दुसरी. एकदा दाखवून आलो आणि संपलं, असं इथे होत नाही. म्हणून या आजारात दवाखाना किती लांब आहे, याला डॉक्टर किती हुशार आहे याच्याइतकंच महत्त्व आहे.

२. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, दिवसांत मोजा

सरकारी निकष असा: सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. त्याच्या वरच्या पायरीच्या रुग्णालयात सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असावेत अशी अपेक्षा आहे. त्वचारोगतज्ज्ञ या यादीतच नाही. तो भेटतो जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मेडिकल कॉलेजात.

आता मेळघाटातलं धारणी घ्या. तिथून अमरावती साधारण दीडशे किलोमीटर, मधे घाट आणि जंगल. भामरागडहून गडचिरोली त्याहून लांब, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की भामरागडचा रस्ताच तुटतो. हे तालुक्याच्या गावाचं झालं. मूल राहतं त्या पाड्यापासून फाट्यापर्यंतची पायपीट वेगळी. मुक्कामी गाडी पहाटे निघते. ती चुकली तर काळी-पिवळीची वाट बघायची, आणि ती भरल्याशिवाय सुटत नाही. शहरात पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं. केसपेपरची खिडकी दुपारी बंद होते, ओपीडी आटोपत आलेली असते. डॉक्टरांनी तपासून औषध लिहून दिलं, ते घेऊन स्टँडवर आलं, तर परतीची शेवटची गाडी गेलेली. मग रात्र रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात किंवा स्टँडवर.

तिकिटाबाबत सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, बारापर्यंत अर्धं आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांनाही निम्मं भाडं आहे. या सवलतीमुळे कितीतरी आया आज मुलाला घेऊन जिल्ह्याला जाऊ शकतात, हे मान्य केलंच पाहिजे. पण सवलत जिथे एसटी जाते तिथेच. काळी-पिवळीत आणि वडापमध्ये पूर्ण पैसे मोजावे लागतात. शिवाय तिकीट हा खर्चाचा लहान भाग आहे. २०२५–२६ मध्ये रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आई एकटी गेली तर एक खाडा, सोबत बाप किंवा आजी गेली तर दोन, मुक्काम पडला तर चार. घरी राहिलेल्या धाकट्याला कुणाकडे सोडायचं हा प्रश्न वेगळाच. आणि दर महिन्याला हेच.

ही आई दोनदा जाते. तिसऱ्यांदा जात नाही. मग दवाखान्याच्या रजिस्टरात तिच्या मुलापुढे «फॉलोअपला आले नाहीत» अशी नोंद होते, जणू दोष तिचाच आहे.

३. प्रवास स्वतःच आजार वाढवतो

हे क्वचितच कुणी लक्षात घेतं. उष्णता, घाम आणि धूळ ही इसब उसळण्याची नेहमीची कारणं. एप्रिल-मे महिन्यात रेक्झिनच्या सीटवर, खच्चून भरलेल्या गाडीत, चार तास मांडीवर बसलेल्या मुलाची काय अवस्था होत असेल? ते मान ओरबाडतं, पाय घासतं, रडतं. आणि शेजारी बसलेला माणूस विचारतो, «खरूज आहे का हो? जरा तिकडे सरकता का?»

म्हणून आई मुलाला पूर्ण बाह्यांचा सदरा घालते, डोक्याला रुमाल बांधते. अंग झाकलं जातं, घाम वाढतो, खाज आणखी वाढते. डॉक्टरांपुढे पोचेपर्यंत मूल घरून निघालं त्यापेक्षा जास्त चिघळलेलं असतं. कंडक्टर, जीपवाले आणि सहप्रवासी यांना एवढं तरी ठाऊक हवं की इसब शेजारी बसल्यानं लागत नाही. एसटीच्या गाड्यांत आणि स्थानकांवर इतक्या जाहिराती असतात. आरोग्य विभागाच्या एका फलकाला तिथे जागा मिळायला हरकत नसावी.

४. दवाखाना लांब, मेडिकल जवळ

बाजाराच्या गावी औषधाचं दुकान असतं. तिथे मुलाचा हात दाखवला की एक ट्यूब मिळते. पुष्कळदा ती तीन औषधांची मिसळ असते: जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. मग पुन्हा तीच, शेजारच्या मुलालाही तीच. महिनोन्‌महिने अशी मलमं लावल्यानं मुलांची नाजूक कातडी पातळ होते, चेहऱ्यावर पुरळ येतं, आणि ट्यूब बंद केली की आजार दुप्पट जोरानं उसळतो. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अंगावर लावायच्या स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी घातली. नियम कागदावर योग्य आहे. पण ज्या माणसाला चिठ्ठी लिहून देणारा दीडशे किलोमीटरवर आहे, त्याच्यापुढे त्या नियमाचं काय चालणार? औषध प्रशासनानं दुकानांची तपासणी जरूर करावी. मात्र आईला बोल लावू नये. तिनं मिळेल तो जवळचा उपाय केला.

याच्या उलटही घडतं. कुणीतरी सांगतं की स्टेरॉइड वाईट, आणि डॉक्टरांनी नीट मोजून दिलेलं मलम घरचे दुसऱ्याच दिवशी बंद करतात. किंवा मुलाचं अंडं बंद, दूध बंद, डाळ बंद, वांगं बंद. मेळघाट-गडचिरोलीसारख्या भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीतल्या मुलांना अंडी मिळतात, ती कुपोषण हटावं म्हणून. इसबाच्या भीतीनं तेच अंडं एखादी आई मुलाच्या ताटातून काढून घेते, आणि अशक्त मूल आणखी अशक्त होतं. अन्नाची खरी अ‍ॅलर्जी असलेली मुलं असतात, पण ते तपासून ठरवायचं असतं. हे सगळं समजावून सांगायला डॉक्टरांची दहा मिनिटं पुरतात. त्या दहा मिनिटांसाठी दोन दिवस मोडावे लागतात, एवढीच अडचण आहे.

५. खरूज की इसब?

आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत खरूज खूप. ती किड्यामुळे होते, चिकटते, आणि सोबत राहणाऱ्या सगळ्यांना एकाच वेळी औषध द्यावं लागतं. इसबाच्या मुलाला खरजेचं औषध लावलं तर आग होते आणि आजार भडकतो. खरजेच्या मुलाला इसबाचं स्टेरॉइड लावलं तर खाज तात्पुरती दबते आणि किडा पसरत राहतो. ओळखणारा जवळ नसला की दोन्ही चुका होतात, आणि एका मुलाच्या चुकीनं अख्खी खोली खाजवत बसते.

६. सरकारनंच शोधलेलं मूल

माझा मुख्य मुद्दा हा आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले तीस आजार-दोष शोधायचे, असं त्यात ठरलं, आणि त्या तिसांत त्वचारोग आहेत: खरूज, बुरशी आणि इसब, तिन्ही नावानिशी. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं. म्हणजे इसबाचं मूल कुठल्या पाड्यावर आहे, हे सरकारला शोधायला जावं लागत नाही. ते सरकारनंच शोधलेलं असतं. पथक मुलाचं नाव लिहितं, वरच्या दवाखान्याची चिठ्ठी देतं आणि पुढच्या गावाला जातं. चिठ्ठी आईच्या हातात उरते. तिथून पुढचा रस्ता तिचा.

रुग्णाला नेणं-आणणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे तत्त्व आपण कधीच मान्य केलेलं आहे. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला घरून दवाखान्यात आणि परत घरी मोफत सोडतात; आजारी बाळालाही, पण एक वर्षाचं होईपर्यंत. अधिसूचित आदिवासी भागातल्या क्षयरोग्याला प्रवासासाठी ७५० रुपये मिळतात. पोषण पुनर्वसन केंद्रात मूल दाखल झालं तर आईला बुडीत मजुरी देण्याची पद्धत आहे. कर्करोग, क्षय, कुष्ठरोग, सिकलसेल, डायलिसिस अशा रुग्णांना एसटीत सवलत आहे. या प्रत्येक तरतुदीमागे कुणाचा तरी आग्रह आणि कुणाची तरी मेहनत आहे, आणि त्या हव्यातच.

पण मूल तेरा महिन्यांचं झालं, आजार बाहेरूनच उपचार घेण्याचा असला आणि जिवावर बेतणारा नसला, तर ते या सगळ्यांतून निसटतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना घ्या. ती रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. इसबाचं मूल दाखल होत नाही, म्हणून ते तिथेही बसत नाही. त्यामुळे मागणी सरळ आहे: बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं ज्या मुलाला चिठ्ठी दिली, त्या चिठ्ठीलाच एसटीचा मोफत पास समजावं, मुलासाठी आणि सोबतच्या एका माणसासाठी. गावातल्या मुलीला शाळेत जाण्यासाठी एसटीचा मोफत पास आहेच. मग आजारी मुलाच्या दवाखान्याच्या वाटेला तो का नसावा? आदिवासी तालुक्यांत याच्या जोडीला एका दिवसाची बुडीत मजुरी द्यावी.

७. ट्यूबचा आकार हाही प्रवासाचाच प्रश्न

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार इसबाच्या मुलाला ओलावा धरणारं मलम आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. म्हणजे महिन्याला किमान एक किलो. आपल्याकडची हवा वेगळी, मुलं अंगानं लहान, तरी महिन्याला काही शे ग्रॅम लागणारच. आणि खिडकीवरून हातात पडते पंधरा-वीस ग्रॅमची ट्यूब. ती तीन-चार दिवसांत संपते. मग पुन्हा दीडशे किलोमीटर जायचं, की राहू द्यायचं? घरोघर राहू देतात. डॉक्टर म्हणतात, सांगितलेलं लावत नाहीत. लावायला उरलेलंच नसतं.

म्हणून औषध लिहिताना मुलाचं गाव विचारावं आणि गावाच्या अंतराप्रमाणे पुरवठा द्यावा. लांबच्या मुलाला दोन-तीन महिन्यांचं पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिनचं मलम एकदम द्यावं. ती स्वस्त आहेत, लवकर खराब होत नाहीत, आणि त्यांचा गैरवापर होण्याची भीती नाही. पुढची खेप उपकेंद्रावर किंवा आशाताईंकडे पोचवावी. लोहाच्या गोळ्या आणि ओआरएस जर पाड्यापर्यंत पोचतात, तर मलमाचा डबाही पोचेल.

स्टेरॉइडचं तसं नाही. ते मोजूनच द्यायला हवं, आणि किती लावायचं हे हातात हात घेऊन दाखवायला हवं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. हे माप आईला एकदा कळलं की तिची अर्धी भीती जाते. आशाताईंना ते शिकवायला अर्धा तास लागतो.

८. दर वेळी मुलालाच का न्यायचं?

कातडीचा आजार फोटोवर दिसतो. पोटातला, छातीतला दिसत नाही. म्हणून दूरवरून सल्ला देण्यासाठी त्वचारोगाइतकी सोयीची शाखा क्वचितच असेल. २०२० च्या मार्चमध्ये केंद्रानं टेलिमेडिसिनचे नियम केले, ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेची सोय देशभर आहे, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी वरच्या तज्ज्ञाशी बोलावं अशी तिची रचनाच आहे. डोंगरात नेटवर्क नसतं हे खरं. पण इसबासाठी समोरासमोर व्हिडिओ लागतच नाही. आरोग्यसेविकेनं दिवसाच्या उजेडात चार नीट फोटो काढावेत, सोबत खाज किती, झोप कशी, काय काय लावलं हे लिहावं, रेंजमध्ये आल्यावर पाठवावं, आणि दोन दिवसांत तज्ज्ञाचं उत्तर यावं. पहिली भेट प्रत्यक्ष व्हावी, पुढच्या बऱ्याचशा अशा होऊ शकतात.

यात काळजी घ्यायची ती एका गोष्टीची. पुस्तकांतली बरीच चित्रं गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या मुलांत इसब लाल दिसेलच असं नाही. तो तपकिरी, राखाडी, कधी जांभळट दिसतो, आणि फोटोत सौम्य वाटतो. म्हणून फोटोच्या जोडीला हात फिरवून कातडी किती जाड-खरखरीत झाली आहे, हे सेविकेनं सांगितलंच पाहिजे.

माणसं तयार करण्याचाही फार मोठा प्रश्न नाही. कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत आपल्या आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे बघतात. कातडी बघण्याची सवय असलेली इतकी माणसं गावोगाव आहेत. चट्ट्याला संवेदना आहे की नाही हे त्यांनी बघावं, आणि त्याच भेटीत, खाजवून रक्त काढणाऱ्या मुलाचं नावही वहीत लिहावं.

९. मुंबईतही अंतर असतं

कसारा, कर्जत किंवा विरारहून परळच्या वाडिया रुग्णालयात किंवा केईएममध्ये मुलाला आणणारी आई मेळघाटातल्या आईपेक्षा किलोमीटरनं जवळ असते. पण सकाळच्या लोकलमध्ये इसबाचं मूल घेऊन चढणं कसं असतं, ते त्या गाडीनं जाणाऱ्या कुणालाही विचारा. मोठ्या शहरांतल्या त्वचारोग विभागांनी लांबच्या लहान मुलांसाठी उशिराची, दुपारची वेळ ठेवली, तर एक पैसाही न खर्चता हा त्रास निम्मा होईल.

१०. «इसबानं कोणी मरत नाही»

हे वाक्य अधिकाऱ्यांकडून ऐकू येतं आणि त्यामागे वाईट हेतू नसतो. जिथे सर्पदंशाच्या रुग्णाला वेळेवर गाडी मिळत नाही, तिथे खाजेसाठी पैसे कुठून आणायचे, असा त्यांचा सवाल असतो. तो मी झटकून टाकत नाही. १०८ ची गाडी इसबासाठी पळवावी असं मी म्हणतही नाही. पण मूल रात्र-रात्र झोपत नसेल तर त्याची वाढ, त्याचं शिकणं, त्याच्या आईची प्रकृती यांना किंमत आहे की नाही? ओठांवर फोड आणणारा हर्पीजचा विषाणू इसबाच्या कातडीत शिरला तर झपाट्यानं पसरतो, आणि तेव्हा खरोखरच धावाधाव करावी लागते. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं त्वचारोगांना सार्वजनिक आरोग्यात अग्रक्रम देण्याचा ठराव संमत केला, तो काही खाज किरकोळ आहे असं समजून नव्हे. वर मागितलेल्या गोष्टींचा खर्च बघा: मलमाचे मोठे डबे, चिठ्ठीवर एसटीचा पास, आदिवासी तालुक्यांत एका दिवसाची मजुरी, फोटो बघायला आठवड्यातून काही तास तज्ज्ञ. यात नवी इमारत नाही, नवं पद नाही.

११. मुंबईहून आदेश येईपर्यंत

गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळण्याची तरतूद आहे. आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे. गरीब रुग्णाच्या प्रवासाला यातून मदत करता येते, पण मागणारा लागतो. आपल्या गावात चिठ्ठी मिळून घरीच बसलेली मुलं किती, हे अंगणवाडीताईंना विचारा. त्यांची नावं ग्रामसभेत वाचा, त्यांच्या प्रवासखर्चाचा ठराव करा, आणि मुक्कामी गाडी ओपीडीच्या वेळेत पोचेल अशी सोडावी म्हणून आगार व्यवस्थापकांना त्याच ठरावाची प्रत द्या. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालायचा तर अर्ज आताच द्यावा लागेल. तो द्या.